उष्टा वाटा

रविवारी ताईचा दातांचा दवाखाना बंद असतो, म्हणून भाजीची वाटणी तिथे. वडील, म्हणजे आप्पा, होते तेव्हापासून हे असंच. पेशंटची बाकं भिंतीला सरकवायची, मधलं लांब टेबल पुसून वर्तमानपत्रं अंथरायची आणि दादाने पहाटे शेतावरून आणलेल्या टोपल्या त्यावर पालथ्या करायच्या. समोरच्या भिंतीवर किडक्या दाढेचं हे एवढं मोठं चित्र. त्या दाढेने जितके टोमॅटो पाहिले, तितके कोणत्याही धडधाकट दाताच्या नशिबी आले नसतील.

शेत तिघा भावंडांचं, पण कसायचा तो दादा. एक तर थोरला, आणि माणसांपेक्षा वेलांशी त्याचं जास्त जमायचं. उन्हाळाभर दर रविवारी तीन ढीग लागायचे. त्यातल्या दोन ढिगांसाठी एकाने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, दुसऱ्याने एका ढिगावर हात ठेवून विचारायचं, "हा कोणाचा?" आणि भिंतीकडे बघणाऱ्याने 'ताईचा' किंवा 'बाळचा' म्हणायचं. निघालं ते नाव पक्कं, पुन्हा कुरबुर नाही. तिसरा ढीग मात्र दादाचा ठरलेला, आणि तो उष्टा.

उष्टा म्हणजे खरोखरच उष्टा. तोडणाऱ्याने वेलापाशी उभं राहून प्रत्येक वेलाची एक काकडी चावून बघायची, हा आप्पांचा नियम. गोड लागली तर त्या वेलाच्या बाकीच्या काकड्या टोपलीत. कडू लागली तर त्या चावलेल्या काकडीसकट सगळं खताच्या खड्ड्यात. गोड निघालेल्या उष्ट्या काकड्या तोडणाऱ्याने आपल्या घरी न्यायच्या. टोमॅटोचं तसंच, मक्याचंही तसंच.

आप्पांच्या काळी ही काकडी इतकी कोवळी असायची की शेजारी कोणी शिंकलं तर साल आपोआप सुटायची. फरसबीची शेंग मोडली की तो आवाज ऐकून पलीकडच्या गल्लीतला सुतार 'कोण आहे?' म्हणत दार उघडायचा. एका उन्हाळ्यात भोपळ्यात एक कोंबडी शिरली ती हंगाम संपताना सहकुटुंब बाहेर आली. मी कोंबडी पाहिलेली नाही. भोपळा पाहिला आहे, आणि त्याला दार होतं.

तर अशा शेतातली काकडी गेले काही रविवार कडू निघत होती. थोडीथोडकी नाही, जहर. खरबुजं दिसायला पिवळीधमक आणि आत कच्ची. पहिल्या रविवारी सगळ्यांनी ऊन जास्त आहे म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या रविवारी कुजबुज झाली. या रविवारी बाळ आणि हेडबाई सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती.

बाळ म्हणजे पाळण्यातला नव्हे. साठीला टेकलेला, डोक्यावर चंद्र उगवलेला, छापखान्यात उभा जन्म काढून या वर्षी निवृत्त झालेला धाकटा भाऊ. आणि हेडबाई ही त्याची बायको, मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. शाळेतलं नाव घरी कधी आलं ते कळलं नाही. आता तर तिची सासू असती तर तिनेही हेडबाईच म्हटलं असतं.

"विषय कधी काढू?" बाळने विचारलं. "वाटणीच्या आधी की नंतर?"

"आधी. नंतर तुम्ही कणसं सोलत बसाल आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकवाल."

"मी कधी डोळे मिचकवले?"

"आत्ता."

ताईच्या मागच्या खोलीत हेडबाईने मागच्या रविवारची एक काकडी चिरून चकत्या मांडल्या होत्या. ताट सापडलं नाही म्हणून दातांची अवजारं ठेवायच्या स्टीलच्या ट्रेमध्ये. शाळेत कोणी चोरून पेरू खाल्ला तर ती आधी बिया टेबलावर ठेवायची आणि मग बोलायची. इथेही तोच बेत. पुढच्या हंगामापासून शेत बाळने बघावं, दादाने विश्रांती घ्यावी, एवढं एकच वाक्य ठरलं होतं.

लोकांना वाटलं असतं, हेडबाईला शेताचा मोह. मोह कसला. निवृत्त झाल्यापासून तिचा नवरा घरातले डबे लावत होता. आधी उंचीप्रमाणे, मग रंगाप्रमाणे. ती शाळेतून यायची तेव्हा तो खिडकीत बसलेला असायचा, आणि ती जायची तेव्हाही तिथेच बसलेला असायचा. मधल्या वेळेत तो उठला होता याचा पुरावा म्हणजे ते डबे. या माणसाला काहीतरी उगवायला दिलं नाही तर हा खिडकीतच वाळून जाईल, अशी तिला भीती होती. ती तिने कोणाला सांगितली नव्हती. मुख्याध्यापिका भीती सांगत नाहीत, सूचना देतात.

बाहेर टेम्पो थांबला.

दादा टोपल्या उतरवायला लागला आणि त्याची बायको, वहिनी, काठी टेकत आत आली. शेताच्या बांधावर तिचा पाय मुरगळला होता, त्याला अजून पट्टा होता. ताईने तिच्यासाठी पेशंटची खुर्ची मागे कलती करून ठेवली होती.

"वहिनी, इथे बसा. पाय वर घ्या."

"यात बसले की मला आपोआप आ करावासा वाटतो," वहिनी म्हणाली.

"करा. एक दाढ भरायची राहिलीच आहे तुमची."

वहिनी हसली, पण तिचं लक्ष टोपल्यांकडे होतं. ढीग लावणाऱ्या दादाच्या हातांकडे ती बघत होती आणि मनात म्हणत होती, आज तरी बऱ्या निघू देत.

कारण तिला ठाऊक होतं, आणि या खोलीत फक्त तिलाच. थंडीत दादाला ताप आला होता. ताप गेला आणि जाताना त्याची चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. पहिल्या दिवशी त्याने जेवणात मीठ नाही म्हणून कुरकुर केली. दुसऱ्या दिवशी त्याने साबणाची वडी नाकाशी धरली आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. "कोणाला सांगू नकोस," एवढंच तो म्हणाला. "नाही तर शेत जाईल." आप्पांच्या नियमात जीभ नसलेल्या माणसाची सोय नव्हती.

मग वहिनी रोज पहाटे त्याच्या मागोमाग वेलांतून फिरायला लागली. तो काकडी मोडून हातात द्यायचा, ती चावायची. मान हलली की टोपली, नाही हलली की खड्डा. खरबुजाच्या देठाला नाक तिचं, निवड त्याची. हंगामाचा पहिला महिना असा झकास गेला की बाळने टोमॅटो खाऊन शर्ट बदलला आणि पुन्हा खाल्ला. मग तिचा पाय मुरगळला. "तुम्ही निदान शेजारच्या कोणाला तरी न्या," तिने विनवलं होतं. दादा ऐकेना. तो एकटा जायचा, नियमाप्रमाणे प्रत्येक वेलाची काकडी चावायचा, आणि सगळ्याच टोपलीत घालायचा. पाणी चावल्यासारखं लागे, आणि पाणी काही वाईट नसतं, असा त्याचा हिशेब.

"दादा," हेडबाईने सुरुवात केली, "ढीग लावायच्या आधी जरा बोलायचं होतं."

"बोल की. हात चालू, कान मोकळे."

हेडबाईने बाळकडे बघितलं. बाळने कणसाचा एक केस निवडून काढला आणि तो फार महत्त्वाचा असल्यासारखा उजेडात धरला.

"बोलतील हे," हेडबाई म्हणाली.

"काय आहे, दादा," बाळ म्हणाला, "म्हणजे तसं काही नाही. वय सगळ्यांचंच होतं."

"तुझं झालेलं दिसतंय. टक्कल उन्हात चमकतंय, ते चित्रातल्या दाढेच्या डोळ्यात जातंय."

"माझं नाही. तुझं."

"माझं काय झालंय?"

ताई यातल्या कोणाकडेच बघत नव्हती. ती दादाच्या ढिगाशी उभी होती. भावाभावांत काही सुरू झालं की तिला हातांना काम लागायचं, म्हणून ती उष्ट्या काकड्या एका ओळीत मांडत होती. दातांची डॉक्टर ती. लोक चेहरा विसरतात, ती चावा विसरत नाही. हंगामाच्या सुरुवातीला या ढिगातल्या काकड्यांवर बारीक, नीटस चावे असायचे, डाव्या बाजूला एका सुळ्याची जागा मोकळी. तो सुळा तिने स्वतः काढला होता. वहिनीचा. तेव्हा तिला वाटलं होतं, दादा बायकोला आधी खाऊ घालतो, चांगलं आहे. आता त्या ओळीत एकही बारीक चावा नव्हता. सगळे रुंद, पुढच्या दाताचा टवका उडालेले. हा टवका लहानपणी झोपाळ्यावरून पडल्याचा, तेव्हा झोका ताईनेच दिला होता.

म्हणजे आधी वहिनी चाखत होती. पाय मुरगळल्यापासून दादा चाखतोय.

तिने त्यातली एक उचलली आणि टवक्याच्या खुणेशेजारी हळूच दात लावले. जीभ आक्रसून टाळूला चिकटली. ही काकडी दादाने चावली होती, गिळली होती, आणि ठेवून दिली होती.

तिने मान वर केली. खुर्चीतली वहिनी तिच्याकडेच बघत होती. ताईने भुवया उंचावल्या, वहिनीने पापण्या मिटल्या, आणि ज्या दोन बायकांचं वर्षानुवर्षं चहात साखर किती यावर पटलं नव्हतं त्यांचा तहनामा तिथल्या तिथे झाला.

"सांगतेच मी," हेडबाई उठली. बाळच्या भरवशावर राहिलं तर पुढचा हंगाम येईल, हे तिला कळून चुकलं होतं. ती मागच्या खोलीतून ट्रे घेऊन आली. "दादा, ही मागच्या रविवारची. तुम्हीच खाऊन बघा आणि तुम्हीच सांगा."

दादाने हात पँटला पुसले. एक चकती उचलली, तोंडात टाकली, सावकाश चावली. सगळी खोली त्याच्या जबड्याकडे बघत होती, भिंतीवरच्या दाढेसकट.

"चांगली आहे की," तो म्हणाला.

हेडबाईचं तोंड उघडं राहिलं. तिने खोटं बोलणाऱ्या मुली पाहिल्या होत्या, पण जहर खाऊन डोळ्याला पाणी न आणता खोटं बोलणारी एकही नाही. "चांगली आहे?"

"बघू," म्हणत ताई पुढे झाली. तिने चकती घेतली. चेहऱ्यावरची एक रेष हलू न देता, पेशंटला 'अजिबात दुखणार नाही' सांगताना लागतो तोच चेहरा करून ती म्हणाली, "गोड आहे. उगाच काय गं."

"मलाही द्या," वहिनी खुर्चीतून म्हणाली. तिला तर चार चकत्या मिळाल्या असत्या तरी चालल्या असत्या. "छान कुरकुरीत आहे."

"तुम्हाला सगळ्यांना झालंय काय?" हेडबाई म्हणाली. "अहो, तुम्ही खा. सकाळपासून थू थू करताय ना, आता सांगा यांना."

बाळ ट्रेपाशी आला. त्याने आधी ताईकडे बघितलं. ताईच्या हातात ती टवक्याची काकडी होती आणि ती तिने त्याच्या डोळ्यांसमोर हळूच फिरवली. बाळ काही दातांचा डॉक्टर नव्हता. पण छापखान्यात उलट्या अक्षरांवरून सुलटं वाचण्यात त्याचा जन्म गेला होता. चावलेली काकडी, कडू काकडी, आणि समोर शांत उभा असलेला दादा, हे त्याने एका ओळीत लावलं आणि वाचलं. लहानपणी आपण पहिल्यांदा शेतात गेलो तेव्हा याच माणसाने डोळे मिटायला सांगून जिभेवर टोमॅटोची फोड ठेवली होती आणि 'आता सांग कुठल्या वेलाचा,' विचारलं होतं, हेही त्याला त्याच क्षणी आठवावं हा काही त्याचा दोष नाही. त्याने चकती उचलून तोंडात टाकली. चावली, आणि थू न करता गिळली.

शेत आता एका शब्दावर होतं. कडू म्हटलं की त्याचं.

"मस्त आहे, दादा," तो म्हणाला. आणि आणखी एक चकती घेतली.

हेडबाईला आधार नसला की ती जास्त ताठ व्हायची. तिने स्वतः चकती तोंडात घातली आणि लगेच वर्तमानपत्रात थुंकली. "कडूजहर आहे. मला वेड्यात काढू नका."

दादाने एकेकाकडे पाहिलं. ताईकडे, वहिनीकडे, मग डोळ्यांत पाणी आणून तिसरी चकती चघळणाऱ्या बाळकडे. मग तो बाकावर बसला आणि हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत.

"या घरात आप्पांच्या फोटोला फ्रेम कुठली यावर तुम्ही तिघं एक उन्हाळा भांडलात," तो म्हणाला. "आणि आज तिघांना काकडी गोड लागली? एकमत? म्हणजे हेडबाई म्हणतेय ते खरं. कडू आहे."

वहिनीने तोंडावर पदर धरला. ताईने हातातली काकडी टेबलावर ठेवली.

"थंडीपासून काही लागत नाही मला," दादा म्हणाला. "चव नाही. वास नाही. हिने झाकून नेलं. तिचा दोष नाही, मी तोंड बंद ठेवायला लावलं." त्याने हात गुडघ्यांवर ठेवले. "बाळ, शेत तू घे. तेच बोलायचं होतं ना? मला बोलता येत नव्हतं, तुला बोलता येत नव्हतं. झालं आता बोलून."

हेडबाई ट्रे हातात धरून तशीच उभी होती. जिंकल्यासारखं तिला अजिबात वाटत नव्हतं. बियांऐवजी चुकून मुलीचे दुधाचे दात टेबलावर ठेवले गेल्यासारखं वाटत होतं. "दादा, मला हे ठाऊक असतं तर," ती म्हणाली आणि थांबली. तिचं वाक्य अर्धं राहिल्याचं त्या खोलीने पहिल्यांदाच ऐकलं.

"तू खरं बोललीस," दादा म्हणाला. "बाकीच्यांनी मला लाडावलं. तुझे उपकार आहेत."

"मी नाही घेणार शेत," बाळ म्हणाला.

"का? घरातले डबे लावून झाले नाहीत का अजून?"

बाळने बायकोकडे रागाने बघितलं. हेडबाईने दाढेच्या चित्राकडे बघितलं.

"दादा, मला वेलातलं काय कळतं? पाणी कधी द्यायचं, कुठलं पान खुडायचं, कणीस नखाने कसं बघायचं, हे मला शिकवायला तुला दहा जन्म लागतील. मला एकच येतं. खाता येतं."

"हे मात्र खरं आहे," हेडबाई म्हणाली.

"मग तेवढं करतो. पहाटे येतो. तू मोड, मी चावतो. उष्टा वाटा दोघांचा. वहिनींचा पाय बरा झाला तरी मी येणार."

"आप्पांचा नियम आहे," दादा म्हणाला. "तोडणाऱ्याने चाखायचं."

"आप्पांनी भोपळ्यात कोंबडीही ठेवली होती," ताई म्हणाली. "त्यांना दोन माणसं एका वेलाला चालली असती."

दादा उठला. तो टेबलापर्यंत गेला आणि ढिगांवर हात फिरवायला लागला. जीभ गेली होती, पण त्याची बोटं अजून शहाणी होती. त्याने एक टोमॅटो उचलला, दाबला, ठेवला. दुसरा उचलला. तो मोठा, देठापाशी जरासा भेगाळलेला, इतका लाल की खोलीतला दिवा लावायची गरज नव्हती. ताईने पाव आणि सुरी आणली. दादाने टोमॅटोच्या जाड फोडी केल्या, मीठ पेरलं आणि एक फोड बाळपुढे धरली.

"परीक्षा," तो म्हणाला. "मला कळलं पाहिजे कसा आहे. नुसतं मस्त म्हणालास तर घरी बस."

बाळने फोड तोंडात घातली. रस हनुवटीवरून शर्टावर गेला. जन्मभर दुसऱ्यांचं लिहिलेलं छापलं, स्वतः कधी एक ओळ केली नाही. तो घामाघूम झाला.

"गोड आहे," तो म्हणाला.

"साखरही गोड असते. पुढे."

"आधी गोड नाही. आधी जरा आंबट. कानामागे चिमटा काढल्यासारखं. मग तो चिमटा सुटतो, आणि मग..."

"मग उन्हात वाळत टाकलेल्या चादरीत तोंड खुपसल्यासारखं लागतं," वहिनी खुर्चीतून म्हणाली.

"चादर कुठली," ताई फोड खात म्हणाली. "शाळा लवकर सुटल्यासारखं लागतं."

"माझी शाळा कधी लवकर सुटत नाही," हेडबाई म्हणाली. मग तिने एक फोड घेतली, दुसरी घेतली, आणि तिसरी खाताना कोणाकडे न बघता म्हणाली, "माझे वडील कामावरून यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला असा वास यायचा."

ती कधी वडिलांबद्दल बोलत नसे. बाळने खायचं थांबवून तिच्याकडे पाहिलं.

"थापा मारताय सगळे," दादा म्हणाला. पण त्याने डोळे मिटले होते. त्याने शेवटची फोड स्वतःच्या जिभेवर ठेवली आणि तोंड मिटून बसला. कोणी घाई केली नाही.

"गार आहे," तो म्हणाला. "बिया सुळकन जातात. एवढं कळतं मला." त्याने डोळे न उघडताच हात लांब केला आणि बाळच्या ओल्या शर्टाची बाही धरली. "आता चिमटा सुटल्यावर काय होतं, ते परत सांग. आणि सावकाश सांग."